तीनशे केबीचा मार्शल

भाच्यानं रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल पाठवली. खाली एवढंच : "मामा, मार्शल पाठवलाय. वाजवून बघा."

मार्शल म्हणजे रॉकवाल्यांचा गिटारीचा अ‍ॅम्प, आवाज मोठा करणारं यंत्र. खरा मार्शल मी आयुष्यात एकदाच उचललाय, ऑर्केस्ट्राच्या दिवसांत. तोही अर्धाच, म्हणजे वरचं हेड, सर्किटचा डबा. स्पीकरचं कपाट दुसऱ्या दोघांनी धरलं होतं. वीसेक किलोचा तो डबा मागच्या जिन्यानं स्टेजवर नेताना बोटं वळली होती. भाच्याची फाईल तीनशे केबीची होती. लग्नपत्रिकेचा फोटोसुद्धा याहून जड येतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवतो. ओतकामाच्या वाळूत साचा पाडायला जो लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा नमुना लागतो, तो पॅटर्न. हातात आलेली वस्तू आतून बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही, म्हणून फाईल सरळ नोटपॅडमध्ये उघडली. आत सर्किट नाही, व्हॉल्व्हचं नाव नाही, आवाजाचा एक तुकडाही नाही. वर थोडी माहिती आणि खाली नुसते दशांश आकडे. शून्य पूर्णांक अमुक, उणे शून्य पूर्णांक तमुक, असे हजारोंनी.

"अरे, ह्यात मार्शल कुठाय?" मी फोन लावला.

"त्योच मार्शल की, मामा!"

पोराला गिटार झकास येते, समजावणं येत नाही. मग त्या आकड्यांच्या मागं मीच लागलो. जुन्या रॉकचा आवाज कानात बसलाय, पण 'कॅप्चर, कॅप्चर' म्हणतात ते नक्की काय, हे कुणी धड सांगत नाही, अशा माझ्यासारख्यांसाठी हे लिहितोय.

सुरुवात रेडिओपासून करू. वडिलांनी घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओ अजून आमच्या घरी आहे. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही. आधी मागच्या भोकांतून तांबूस उजेड, मग तापलेल्या धुळीचा वास, मग 'घूंऽऽ', आणि त्या घूंमधून सांगली केंद्र हळूहळू वर यायचं. त्यातला शेवटचा, म्हणजे स्पीकर हलवणारा व्हॉल्व्ह आहे ईएल ८४. बोटाएवढी काचेची नळी. रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरमध्ये तो सर्रास असायचा. इंग्लंडच्या व्हॉक्सनं असे चार व्हॉल्व्ह एका डब्यात बसवून एसी ३० नावाचा गिटार अ‍ॅम्प केला. क्वीनच्या ब्रायन मेच्या गिटारीमागं हाच अ‍ॅम्प. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे आपल्याकडं सगळे कौतुकानं सांगतात. त्यांच्या अ‍ॅम्पमधला व्हॉल्व्ह आपल्या माळ्यावरच्या रेडिओत निघू शकतो, हे कुणी सांगत नाही.

व्हॉल्व्हचं काम उसाच्या पाटासारखं आहे. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तार तापते, तिच्या उष्णतेनं कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि समोरच्या प्लेटवर शेकडो व्होल्टचा दाब असल्यामुळं ते तिकडं धावतात. एवढं फ्लेमिंगनं १९०४ मध्ये केलं होतं. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्टनं मध्ये एक बारीक जाळी घातली, आणि सगळी गंमत त्या जाळीत आहे. पाटाच्या दारावर पोरगं बसवा आणि त्याला फळी वरखाली करायला सांगा. फळी हलवायला जोर लागत नाही, पण मागून वाहणारं पाणी मोठं असतं. गिटारीच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या तुकड्यातून, येणारा व्होल्टचा लहानसा अंश म्हणजे ते पोरगं. अ‍ॅम्पमधला पहिला व्हॉल्व्ह, बारा एएक्स सात, त्या हालचालीचं पन्नास-साठ पट मोठं रूप पुढं पाठवतो. पुढचा व्हॉल्व्ह ते आणखी वाढवतो.

आता त्या पोरानं उत्साहाच्या भरात फळी धडाधड वरखाली केली तर? फळी पूर्ण खाली गेल्यावर पाणी शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. पूर्ण वर गेल्यावर पाटाच्या मापापेक्षा जास्त येऊ शकत नाही. म्हणजे आत येणारी लाट गोल, पण बाहेर पडणारी डोक्यावर आणि पायाशी चपटी. रेडिओवाल्यांच्या भाषेत ही 'आवाज फाटला'ची तक्रार, आणि तीच जुन्या रॉकची सगळी पुंजी. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये लाट कातरल्यासारखी तुटते. व्हॉल्व्ह मात्र तोडायच्या आधी वाकवतो. लाटेचे खांदे आधी गोल होतात, मग दबतात. हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ, जोरात वाजवलं तर खरखरीत, आणि या दोन टोकांच्या मधली सगळी जागा वाजवणाऱ्याच्या बोटांना मोकळी. वादक ज्या गोष्टीवर भाळले ती ही मधली जागा. नुसता फाटका आवाज कुणालाही काढता येतो.

लाट चपटी झाली की आवाजात आधी नसलेले सूर येतात. हे आपल्याला स्वरांच्या भाषेत जास्त लवकर कळतं. तुम्ही षड्ज वाजवला. लाट एकाच बाजूनं दबली तर त्यात तार षड्ज जोरानं मिसळतो. दोन्ही बाजूंनी सारखी दबली तर तार पंचम येतो, आणि त्याच्याही वर शुद्ध गंधार. अ‍ॅम्पच्या सुरुवातीच्या व्हॉल्व्हमध्ये दबणं एकतर्फी असतं, शेवटच्या जोड्यांमध्ये दोन्हीकडून. एका तारेतून म्हणूनच इतका भरलेला आवाज येतो. तंबोरा नीट जुळला की कुणी न वाजवलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपल्याकडं स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेचे कारागीर घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात, ती तारेतले हे वरचे सूर जागे व्हावेत म्हणूनच. तिथं तार घोडीच्या उतारावर घासते, इथं व्हॉल्व्ह लाट दाबतो. कारणं वेगळी, पण कानाला जे सुख मिळतं ते एकाच घराण्याचं.

याच हिशेबानं रॉकवाले पूर्ण कॉर्ड, म्हणजे तीन-चार सुरांचा मेळ, न वाजवता नुसता षड्ज-पंचम का धरतात तेही उलगडतं. दोन सूर एकत्र दाबले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही सूर तयार होतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण २ : ३. वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. न वाजवलेला खर्ज फुकटात मिळतो! त्यात गंधार घातला तर, गिटारीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असल्यामुळं, ही आकडेमोड बिनसते आणि आवाज चिखल होतो. तंबोरा ज्या दोन सुरांत लावतात, त्याच दोन सुरांवर लंडन-बर्मिंगहॅमच्या पोरांनी आपली दुकानं थाटली, हे लक्षात आलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

आता मार्शल. १९६२ मध्ये पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. गिटारवाली पोरं यायची आणि अमेरिकेतून येणारे महाग अ‍ॅम्प इथंच कुणी का बनवत नाही म्हणून विचारायची. केन ब्रान आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांना हाताशी धरून त्यांनी फेंडर बासमन या अमेरिकन अ‍ॅम्पचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं. बासमन मुळात बास गिटारसाठी होता. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळतील ते घातले, आणि मोकळ्या पाठीच्या दहा इंची स्पीकरऐवजी बारा इंची सेलेस्टियन स्पीकर बंद कपाटात बसवले. नक्कल करायला गेले आणि आवाज निराळाच निघाला. आमच्या धंद्यात याला 'चुकून सुधारलेला पॅटर्न' म्हणतात. पुढं शंभर वॉटचा सुपर लीड आला, समोरच्या प्लेक्सिग्लासच्या पट्टीमुळं 'प्लेक्सी' म्हणून ओळखला जाणारा. त्याचा मॉडेल क्रमांक १९५९ आहे. तो निव्वळ क्रमांक, साल नव्हे. जुन्या मालाच्या जाहिरातीत बरेच जण इथं फसतात.

या प्लेक्सीला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे फाटका आवाज तसाच ठेवून लहान करायचं बटण, नाही. वर सांगितलेली लाट दाबायची तर आवाज शेवटपर्यंत चढवावाच लागतो, आणि शंभर वॉट म्हणजे खासबागेत कुस्त्यांचं मैदान भरलेलं असताना पुकारा करता येईल एवढा आवाज. राजारामपुरीच्या फ्लॅटमध्ये हे होणे नाही. तो आवाज आपल्या खोलीत, शेजाऱ्यांशी भांडण न होता कसा आणायचा, या गरजेतून ती तीनशे केबीची फाईल जन्माला आली.

नक्कल करायच्या दोन रीती. पहिली रीत इंजिनिअरची : सर्किटचा नकाशा घ्यायचा, प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर गणितात मांडायचा आणि कॉम्प्युटरला ते गणित सेकंदाला हजारो वेळा सोडवायला लावायचं. यात बटणं फिरवता येतात, कारण प्रत्येक बटण गणितात आहेच. पण एका विशिष्ट जुन्या अ‍ॅम्पचा, साठ वर्षांत ज्याचे कपॅसिटर सुकलेत आणि कुणीतरी मध्येच भलता रेझिस्टर टाकलाय अशा अ‍ॅम्पचा स्वभाव नकाशात नसतो.

दुसरी रीत आमची, पॅटर्नवाल्यांची. जुन्या पंपाचा एखादा भाग घेऊन गिऱ्हाईक येतं, ड्रॉइंग नसतं, कंपनी कधीच बंद पडलेली. आम्ही तो भाग वाळूत दाबतो. तो कशासाठी होता हे वाळूला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. बाहेरून जसा आहे तसा खळगा पडला की काम झालं. कॅप्चर म्हणजे असा आवाजाचा खळगा. अ‍ॅम्प उघडायचाच नाही. आत काय घातलं आणि बाहेर काय आलं, एवढंच बघायचं.

इथं एक शंका मला बरेच दिवस छळत होती. शाळेच्या सहलीत आम्ही विजापूरला गेलो होतो. गोलघुमटात मास्तरांनी एक टाळी वाजवली आणि ती कितीतरी वेळा परत आली. त्या एका टाळीचं रेकॉर्डिंग असेल, तर कुणाचंही गाणं गोलघुमटात कसं ऐकू येईल ते कॉम्प्युटर हिशेबानं काढून देतो. मग अ‍ॅम्पलाही एक टाळी देऊन भागत का नाही?

कारण घुमट सरळमार्गी आहे. दुप्पट जोरानं टाळी वाजवा, दुप्पट जोरानं घुमेल. बाकी काही बदलणार नाही. अ‍ॅम्प तसा नाही. हळू दिलं तर एक वागतो, जोरात दिलं तर दुसरंच, आणि दोन सूर एकदम दिले तर तिसरंच. एका टाळीवरून त्याचा स्वभाव कळत नाही; हळू, मध्यम, जोरात, जाड, बारीक, तुटक, लांबवलेलं असं सगळं वाजवून बघावं लागतं. स्पीकरचं कपाट आणि त्याच्या पुढचा माइक मात्र बऱ्यापैकी सरळमार्गी असतात. त्यामुळं त्यांच्यासाठी एका टाळीचं रेकॉर्डिंग पुरतं. या टाळीच्या फाईलला 'आयआर' म्हणतात. म्हणून दुकानातून किंवा फुकटात फाईली उतरवताना नीट बघायचं, की कॅप्चर नुसत्या हेडचं आहे की स्पीकर आणि माइक धरून. नुसतं हेड असेल आणि पुढं आयआर लावला नाही, तर डबक्यावरच्या डासांसारखा आवाज येतो. गिटारीचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. ते गाळणं निघून गेलं की रॉकचा देव उघडा पडतो. पहिल्या दिवशी माझंही हेच झालं, आणि मी भाच्याला उगाच झापलं.

प्रत्यक्ष कॅप्चर कसं घेतात? लॅपटॉपवरून तीनेक मिनिटांची एक ठरलेली ध्वनिफीत अ‍ॅम्पमध्ये सोडतात. सुरुवातीला वेळ जुळवायला दोन टिचक्या, मग खालून वर चढत जाणारे सूर, मग खरखर, मग निरनिराळ्या जोरानं वाजवलेली गिटार. लॅपटॉपचा आवाज गिटारीपेक्षा ताकदवान असतो, म्हणून मध्ये रीअ‍ॅम्प नावाचा डबा लावून तो गिटारीच्या मापावर आणतात. अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या तोंडाला लोड बॉक्स लावतात, म्हणजे अ‍ॅम्पला वाटतं की समोर स्पीकर आहे, आणि बाहेर आवाज येत नाही. बाहेर पडणारा सिग्नल पुन्हा लॅपटॉपवर घेतात.

लोड बॉक्सवरून एक सांगून ठेवतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोड न जोडता कधीही चालवू नका. ऑर्केस्ट्रात असताना मी एका कार्यक्रमाआधी व्हॉल्व्हचा पीए (मांडवातल्या लाउडस्पीकरचा) अ‍ॅम्प स्पीकरची पिन न लावता चालू केला आणि चहाला गेलो. परत आलो तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा जळका वास मांडवभर. त्या महिन्याचं मानधन त्यात गेलं. आणि आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात, तेव्हा झाकण उघडायचं काम ज्याचं त्यालाच करू द्या.

तर आता हातात दोन फिती आहेत, आत गेलेली आणि बाहेर आलेली. सेकंदाला ४८ हजार आकडे धरले तर तीन मिनिटांचे ८६ लाखांच्या वर आकडे एका बाजूला, तेवढेच दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेवरून दुसरी रांग कशी येते, याचं सूत्र शोधायचं. हे काम न्यूरल नेटवर्क करतं. त्यात बुद्धी वगैरे काही नसते. हजारो बारीक बटणांचं यंत्र समजा. प्रत्येक पायरीवर ते तीनच गोष्टी करतं. आलेल्या आकड्याला गुणायचं, शेजाऱ्यात मिळवायचं आणि थोडं वाकवायचं. हे वाकवणं ज्या वक्ररेषेनं होतं तिचे खांदे गोल असतात, अगदी व्हॉल्व्हच्या दबलेल्या लाटेसारखे. मला वाटतं अ‍ॅम्पची नक्कल या यंत्राला इतकी सहज जमते त्यात या सारखेपणाचा मोठा वाटा असावा.

सुरुवातीला बटणं कुठंही असतात, म्हणून यंत्रातून कचरा बाहेर पडतो. तो खऱ्या अ‍ॅम्पच्या फितीशी ताडून बघतात. जिथं चूक, तिथं कुठलं बटण किती फिरवलं तर चूक कमी होईल, याचा हिशेब होतो आणि सगळी बटणं केसभर फिरतात. मग पुन्हा. मग पुन्हा. पूर्ण फितीच्या शंभरेक फेऱ्या झाल्या की चूक मूळ आवाजाच्या एक टक्क्याखाली येते. तेव्हा थांबतात आणि बटणं जिथं आहेत ते आकडे फाईलमध्ये लिहून ठेवतात. नोटपॅडमध्ये मला दिसले ते हेच आकडे. त्यातला एकही आकडा व्हॉल्व्हचा नाही, ट्रान्सफॉर्मरचा नाही. सगळे मिळून मार्शलसारखे वागतात, सुटा एकही मार्शलचा नाही.

कॅप्चरची कल्पना लोकांपर्यंत आणली क्रिस्टोफ केंपर या जर्मन माणसाच्या यंत्रानं, २०११ च्या सुमारास. त्यांची गणिताची रीत वेगळी होती. भाच्यानं पाठवलेली फाईल न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर या प्रोग्रॅमची, जो स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी लिहून सगळ्यांना मोफत खुला केला. त्याचं नेटवर्क वेव्हनेट जातीचं आहे. वेव्हनेट २०१६ मध्ये डीपमाइंड या कंपनीनं काढलं ते कॉम्प्युटरला माणसासारखं बोलता यावं म्हणून. बोलायला शिकवलेला पोपट गिटारीकडं वळला, असं झालं. बाजारात पेडलच्या रूपातली यंत्रंही आहेत, पण त्यांची जंत्री इथं देत नाही. कल्पना एक, डबे निराळे.

आता खळग्याच्या मर्यादा. वाळूत पंपाचा भाग दाबला त्या क्षणी त्याची झडप अर्धी उघडी असेल, तर ओतून येणारा तुकडाही कायम अर्धाच उघडा. कॅप्चरचं तसंच. ट्रेबल सहावर, बास तीनवर, व्हॉल्यूम आठवर असताना घेतलं, तर ते कायमचं तसंच. प्रोग्रॅममध्ये ट्रेबलचं बटण दिसतं ते नंतर चिकटवलेलं असतं, खऱ्या मार्शलच्या बटणासारखं ते वागत नाही. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये ट्रेबल, मिडल, बास एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि आवाज किती फाटतो यावरही फरक पाडतात. तेव्हा वेगळा सूर हवा असेल तर वेगळं कॅप्चर घ्यायचं. गिटारीवरचं व्हॉल्यूमचं बटण मात्र चांगलं चालतं, कारण फितीत हळू आणि जोरात दोन्ही वाजवलेलं असतं आणि नेटवर्कनं ते शिकलेलं असतं.

नेटवर्कची आठवण तोकडी असते. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरतं मागचं त्याला दिसतं. त्यामुळं रिव्हर्ब (घुमणं), इको (पडसाद), ट्रेमोलो (आवाजाचं हेलकावणं) त्यात येत नाहीत. जुन्या अ‍ॅम्पला जोरात तार छेडली की वीजपुरवठा क्षणभर खचतो आणि मग सावरतो, मोटर सुरू झाल्यावर घरातला दिवा मिणमिणतो ना, तसा. तो दम खाणंही जेवढं झटक्यात होतं तेवढंच पकडलं जातं. अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन तर मुद्दाम व्हेरिअ‍ॅक लावून मार्शलचं व्होल्टेज उतरवून वाजवायचा. व्हेरिअ‍ॅक आमच्या उद्यमनगरात मोटर दुरुस्तीच्या टेबलावर असतो, त्याचा असाही उपयोग होतो हे आमच्या वाइंडरला सांगितलं तर तो म्हणाला, "नाद खुळा!"

आणखी एक, जे मला सगळ्यात मजेशीर वाटलं. जे आत घातलेल्या आवाजावर अवलंबून नाही, ते नेटवर्क शिकूच शकत नाही. अ‍ॅम्पची घरघर, विजेचा गुणगुणाट हे गिटार वाजो न वाजो चालूच असतं. आत शून्य घातलं तेव्हा बाहेर काहीतरी आलं खरं, पण ते कशामुळं आलं याचा धागा नेटवर्कला सापडत नाही. तो गुणगुणाट चुकीच्या खात्यात टाकून ते पुढं जातं. कॅप्चर म्हणून मूळ अ‍ॅम्पपेक्षा शांत असतं.

आता भांडणाचा मुद्दा. जुनी मंडळी म्हणतात, "फाईलमध्ये ती मजा नाही, छातीवर येत नाही." मी स्वतः असंच म्हणायचो. पण दोष फाईलचा नाही. प्लेक्सीचं कॅप्चर तुम्ही ऐकताय लॅपटॉपच्या नाहीतर चार इंची स्पीकरवर, बायको झोपलीय म्हणून हळू. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. शिवाय खऱ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की स्पीकरची हवा गिटारीच्या तारा हलवते, सूर थांबायचं नाव घेत नाही. ती हवा तीनशे केबीत कुठून येणार? तेच कॅप्चर एकदा भाच्याच्या बँडच्या सरावात मोठ्या पीएवर ऐकलं, आणि डोळे मिटून मला फरक सांगता आला नाही. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

घरी वाजवणाऱ्यांचा आवाज बिघडतो तो जास्त करून दोन चुकांनी. गिटार इंटरफेसला, म्हणजे लॅपटॉपशी जोडणाऱ्या डब्याला, जोडताना 'इन्स्ट्रुमेंट'चं बटण दाबलेलं नसतं. पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा अडथळा लागतो, तो मिळाला नाही की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. दुसरी चूक इनपुटच्या पातळीची. अ‍ॅम्प किती फाटणार हे आत किती जोरानं गेलं त्यावर ठरतं. गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण, भरमसाट चढवला तर सौम्य फेंडरही किंचाळतो, आणि लोक फाईलला नावं ठेवतात. आमच्याकडं ओतलेलं लोखंड थंड होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ती सूट विसरलेला पॅटर्न कितीही सुबक असला तरी भंगारात जातो. इनपुट पातळी म्हणजे कॅप्चरची ती सूट. गेन खाली ठेवून सुरुवात करा आणि फाईल देणाऱ्यानं पातळी लिहिली असेल तर ती वाचा.

तार छेडल्यावर आवाज यायला उशीर होतो का, हे बरेच जण विचारतात. लॅपटॉप एका वेळी आकड्यांचा जो गठ्ठा उचलतो तो बफर. १२८ आकड्यांचा बफर म्हणजे तीन मिलिसेकंदांच्या आत. येण्याजाण्याचे आणि यंत्राचे धरून थोडे जास्त. आवाजाला हवेतून एक मीटर जायला तीनेक मिलिसेकंद लागतात. अ‍ॅम्पपासून तीन पावलं लांब उभं राहून आजवर कुणाचा ताल गेलेला नाही.

गेल्या महिन्यात भाचा घरी आला आणि माळ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "मामा, त्यो रेडिओ चालतोय का? त्याचंच घेऊया की." ओळखीच्या जुन्या मेकॅनिकनं आठवडाभर ठेवून घेतला, सुकलेले कपॅसिटर बदलले, मागच्या रेकॉर्ड प्लेअरच्या भोकातून सिग्नल आत सोडायची आणि स्पीकरच्या तारांवरून सुरक्षितपणे बाहेर घ्यायची सोय करून दिली. एका रविवारी दुपारी ती तीन मिनिटांची फीत आम्ही वडिलांच्या रेडिओतून सोडली. खालून वर चढणारे सूर ऐकून शेजारच्या काकू खिडकीत आल्या. संध्याकाळी फाईल तयार झाली. तीनशे केबीच.

गिटार लावली आणि वाजवली. थोडासा कर्कश, थोडा गोड, मधेच गुरगुरणारा आवाज. एसी ३०चा गरीब चुलतभाऊ. आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, डोळे बारीक करून ऐकलं, मान हलवली.

"आवाज त्याचाच हाय," ती म्हणाली. "पण घूं कुठं गेला रे?"